बाळाच्या आतड्यात आतडं अडकतं तेव्हा

आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा वेगळा आहे. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. विज्ञानाची पदवी घेतली, सैन्यात गेलो आणि पुढचं सगळं आयुष्य सॅपर म्हणून काढलं. पूल, रस्ते, पाण्याच्या लाइनी. पण आज जे सांगणार आहे त्यात पाण्याचा दाब आहे, नळी आहे आणि अडथळा आहे. म्हणून डॉक्टरांनी समजावलं तेव्हा ते माझ्या डोक्यात चटकन शिरलं. आपल्या घरातल्या बाळाच्या बाबतीत हे घडलं नसतं तर मलाही यातलं काही कळलं नसतं.

माझी धाकटी बहीण पहाडगंजमध्ये चुना मंडीत राहते, लग्न झाल्यापासून तिथेच. तिची मुलं नूतन मराठी शाळेत शिकली, आता मुलगा-सून तिच्यासोबतच असतात. नातू तेव्हा आठ महिन्यांचा होता. जानेवारीतला शनिवार. संध्याकाळी सहाच्या सुमाराला बाळ एकाएकी कळवळून रडायला लागलं. पाय पोटाशी घेतले, चेहरा पांढरा पडला. दोन-तीन मिनिटांत रडणं थांबलं आणि बाळ पुन्हा खेळायला लागलं. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच.

घरात जे होतं तेच झालं. बेंबीभोवती हिंग लावला, ओव्याच्या पुरचुंडीने शेकलं. मग गल्लीतल्या एका दवाखान्यात नेलं. तिथे पोचेपर्यंत बाळ हसत होतं. डॉक्टरांनी पोटाला हात लावला, गॅस आहे म्हणाले आणि थेंब लिहून दिले. मी त्यांना फार दोष देणार नाही. पोटात कळ येऊन रडणारी शंभर बाळं त्यांच्याकडे येत असतील आणि त्यातल्या बहुतेकांना खरंच गॅस असतो. या आजाराची चलाखीच ही, की दोन कळांच्या मधे बाळ अगदी बरं दिसतं.

रात्री दहाला बहिणीचा फोन आला. "दादा, हे साधं रडणं वाटत नाही मला." मी नोएडाला अरुण विहारमध्ये राहतो. फौजी सवयीप्रमाणे मी म्हटलं, प्रत्येक वेळी रडायला लागलं की घड्याळ बघ आणि वेळ लिहून ठेव. तिने कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहायला सुरुवात केली. १०:१२, १०:२९, १०:४७, ११:०२. मग दोन वाजता दुसरा फोन. बाळाला उलटी झाली आणि ती हिरवट होती. इथे मी चूक केली. बाहेर धुकं होतं, थंडी होती. मी म्हणालो, सकाळपर्यंत बघा, उजाडलं की नेऊ. ते दोन-अडीच तास आजही मला टोचतात. बाळाच्या हिरव्या उलटीला "सकाळी बघू" हे उत्तर नसतं. हिरवा रंग पित्ताचा असतो. पित्त खाली जायच्या ऐवजी वर आलं, याचा अर्थ पुढे कुठेतरी वाट बंद आहे.

साडेचारला लंगोट बदलताना सुनेला रक्तमिश्रित शेंबडासारखी, लालसर जेलीसारखी शी दिसली. बाळ आता रडतही नव्हतं, मलूल होऊन पडलं होतं. मग कोणी कोणाला विचारत बसलं नाही. मी गाडी काढली, ती मंडळी रिक्षाने निघाली आणि साडेपाचच्या आसपास आम्ही सगळे मुलांच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात पोचलो.

आता मूळ मुद्दा. बाळाला झालं काय होतं?

शर्ट घाईत काढताना बाही आतल्या आत दुमडून अडकते, तसं. आतड्याचा एक भाग त्याच्याच पुढच्या भागात शिरतो. डॉक्टर त्याला इंटससेप्शन म्हणतात. बहुतेक वेळा लहान आतड्याचा शेवटचा तुकडा मोठ्या आतड्यात घुसतो, म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूला खाली, अपेंडिक्सच्या शेजारी. आतडं स्वतःच लाटेसारखं आकुंचन पावत माल पुढे ढकलत असतं. आत शिरलेल्या तुकड्यालाही ते माल समजून पुढे ओढतं. प्रत्येक लाटेबरोबर कळ येते, लाट ओसरली की बाळ शांत होतं. बहिणीच्या कालनिर्णयवरच्या वेळा म्हणजे या लाटांची नोंद होती.

नुसतं अडकणं एवढंच असतं तर घाई नव्हती. पण आतड्याबरोबर त्याच्या रक्तवाहिन्याही आत ओढल्या जातात आणि दाबल्या जातात. आधी अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरा बंद होतात, आतडं सुजतं, आतलं अस्तर रक्त आणि चिकट पदार्थ सोडू लागतं. ती लाल जेली तीच. नंतर शुद्ध रक्तही पोचेनासं होतं, आतड्याचा तुकडा मरतो, फुटतो आणि घाण पोटात पसरते. म्हणजे लाल शी ही सुरुवातीची खूण नव्हे, उशिराची आहे. पुस्तकात तीन खुणा दिलेल्या असतात: थांबून थांबून येणारी कळ, पोटात उजवीकडे वर लागणारी लांबट गाठ आणि लाल शी. या तिन्ही एकत्र निम्म्याहून कमी मुलांत दिसतात. तिन्हींची वाट बघत बसणारा हमखास उशीर करतो. काही बाळं तर रडतसुद्धा नाहीत, नुसती सुस्त पडतात आणि घरचे म्हणतात, चला, झोपलं एकदाचं.

हे कोणाला होतं? साधारण तीन महिने ते दोन वर्षं या वयात, त्यातही चार ते दहा महिन्यांच्या बाळांना सर्वांत जास्त. बाळ चांगलं गुटगुटीत असतं, आधी कसलाही आजार नसतो. बहुतेकांत ठोस कारण सापडत नाही. सर्दी किंवा जुलाबाच्या विषाणूने आतड्याच्या भिंतीतल्या लहान गाठी सुजतात आणि आतडं त्यांनाच पकडून पुढे ओढतं, असं समजतात. आपल्या बाळालाही आठवडाभरापूर्वी सर्दी झाली होती. मूल दोन-तीन वर्षांपेक्षा मोठं असेल तर मात्र डॉक्टर आतड्यात एखादी गाठ, पॉलिप किंवा जन्मजात फुगवटा आहे का ते शोधतात.

रुग्णालयात आमची गाठ पडली ती एका तरुण रेसिडेंट मुलीशी. बहिणीने कालनिर्णयचं पान तिच्या हातात दिलं. ते वाचून तिने विचारलं, "यह किसने लिखा?" मग तिने पोटाला हात लावला आणि सोनोग्राफीसाठी फोन केला. त्या पानाने आमचा बराच वेळ वाचवला असं मला वाटतं. "खूप रडतंय हो" आणि "दर सतरा मिनिटांनी दोन मिनिटं रडतंय" यांत फरक असतो. सैन्यात आम्ही याला रिपोर्ट म्हणायचो, पहिल्याला तक्रार.

सोनोग्राफीत ते आतडं आडव्या छेदात चक्राकार दिसतं, वर्तुळात वर्तुळ, नेमबाजीच्या टार्गेटसारखं. डॉक्टरही त्याला टार्गेटच म्हणतात. सरावलेल्या माणसाची नजर यात सहसा चुकत नाही. शिवाय बाळाला किरणोत्सर्ग नाही, सुई नाही.

आणि मग ती मुलगी जे म्हणाली त्याने आम्ही सगळे चक्रावलो. म्हणाली, ऑपरेशन लागेलच असं नाही, आधी खालून पाणी भरून बघू.

खालून म्हणजे गुदद्वारातून. मऊ नळी आत घालायची, ती बाहेर निसटू नये म्हणून तिचा फुगा फुगवायचा, नितंब चिकटपट्टीने जवळ घ्यायचे आणि कोमट सलाईन हळूहळू सोडायचं. मोठं आतडं भरत जातं, पाणी त्या अडकलेल्या टोकाला पुढून भिडतं आणि आलं त्याच वाटेने मागे ढकलतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर हे सगळं दिसत असतं. टोक मागे मागे सरकतं, शेवटी सुटतं आणि पाणी एकदम लहान आतड्यात धावतं. पाणी पलीकडे गेलं याचा अर्थ वाट मोकळी झाली. कापणं नाही, टाके नाहीत.

माझ्यातला सॅपर इथे जागा झाला. मी विचारलं, पंपाने सोडता की बाटली टांगता? बाटली टांगतात. बाळापासून साधारण एक मीटर किंवा थोडं जास्त उंच. यातली खुबी लक्षात घ्या. पिचकारीने ढकललं तर माणसाच्या हाताचा जोर किती जाईल याचा भरवसा नाही. टांगलेल्या बाटलीचा दाब मात्र उंचीने बांधलेला असतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणून एक मीटर पाण्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटर इतका होतो, सव्वा मीटरचा सुमारे ९२. त्यापेक्षा जास्त बाटली देऊच शकत नाही. बाळ रडलं, त्याने कुंथलं, तर पोटातला दाब वाढतो आणि पाणी उलट बाटलीकडे जातं. फुकटचा सेफ्टी व्हॉल्व्ह. गच्चीवरच्या टाकीची उंची ठरवताना आम्ही हाच हिशेब करतो.

काही ठिकाणी पाण्याऐवजी हवा भरतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर बघतात. हवेचा दाब साधारण ८० पासून सुरू करतात आणि १२० च्या वर जाऊ देत नाहीत. हे आकडे ओळखीचे वाटले का? रक्तदाब मोजतात ते हेच माप, आणि कित्येक ठिकाणी दाबावर नजर ठेवायला बीपीचंच यंत्र नळीला जोडतात. पाणी चांगलं की हवा, यावर डॉक्टरांत मतं आहेत. माझ्या ओळखीचे सैन्यातले एक निवृत्त बालशल्यचिकित्सक आहेत, त्यांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, ज्या टीमचा हात ज्यावर बसलाय ते चांगलं. मला पटलं.

ही युक्ती आजकालची नाही. भात्याने खालून हवा भरण्याचा सल्ला प्राचीन ग्रीक वैद्यकात हिप्पोक्रेटिसच्या नावाने सांगितला जातो. शस्त्रक्रियेने असं मूल वाचवण्याचं पहिलं यश लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांना १८७१ साली मिळालं. पण त्या काळी पोट उघडणं म्हणजे बहुतेक वेळा मृत्यूच. म्हणून कोपनहेगनचे हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८७६ पासून पाण्याच्या दाबाची पद्धत चिकाटीने वापरली. १९०५ मध्ये त्यांनी १०७ रुग्णांचा हिशेब मांडला, त्यात मृत्यूचं प्रमाण सुमारे ३५ टक्के होतं. आज हा आकडा भयंकर वाटतो, पण तेव्हा तो मोठा विजय होता. पुढे १९४८ नंतर अमेरिकेत मार्क रॅविच यांनी बेरियम भरून, क्ष-किरणांत बघत हे करण्याचा पाठपुरावा केला. १९८६ साली चीनमधून हवेच्या पद्धतीचा अहवाल आला: १३ वर्षं, ६,३९६ रुग्ण आणि दहातल्या नऊहून जास्त यशस्वी. १९८८ मध्ये चीनमधूनच सोनोग्राफीखाली पाण्याने सोडवलेल्या ३७७ रुग्णांचा अहवाल आला, यश ९५ टक्क्यांच्या वर. आमच्या बाळावर जे झालं ते याच वाटेने आलेलं.

सगळीकडे एवढं यश मिळत नाही. मूल किती वेळात पोचलं यावर बरंच अवलंबून असतं. चांगल्या रुग्णालयांत साधारण दहापैकी सात-आठ मुलं अशी सुटतात. पहिल्या चोवीस तासांत आलेल्यांची शक्यता चांगली, दोन दिवस उलटले की ती घसरते. आपल्या देशात मुलं आधी गल्लीत, मग नर्सिंग होमात, मग मोठ्या रुग्णालयात अशी टप्पे खात पोचतात आणि म्हणून जास्त कापावी लागतात. पाणी भरताना आतडं फुटण्याचा धोकाही आहे, साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी. म्हणून पोट दगडासारखं कडक झालं असेल, आतडं आधीच फुटलं असेल किंवा मूल शॉकमध्ये असेल, तर हा उपाय करत नाहीत, थेट ऑपरेशन.

आमच्याकडून दोन कागदांवर सह्या घेतल्या. एक पाणी भरण्यासाठी, दुसरी ऑपरेशनसाठी. भाचा बिथरला. "ऑपरेशन नको म्हणता ना, मग ही सही कशाला?" मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, आम्ही पूल टाकताना पहिली गाडी जायच्या आधी रिकव्हरी व्हेइकल उभं करून ठेवायचो. पूल पडणार म्हणून नव्हे. सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर तयार नसतील तिथे हे पाणी भरूच देऊ नये. नळी घालणं सोपं आहे, बिघडलं तर दहा मिनिटांत पोट उघडता येणं महत्त्वाचं.

आणखी एक. पाणी भरण्याआधी जवळजवळ दोन तास ते काहीच करत नाहीत असं आम्हाला वाटत होतं. बहीण तर संतापली होती. प्रत्यक्षात तोच पहिला उपचार होता. शिरेतून सलाईन चालू होतं, कारण उलट्यांनी आणि सुजेने बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. नाकातून पोटात नळी घातली होती, साठलेलं हिरवं पाणी काढायला. रक्त तपासायला पाठवलं होतं. बाळाला सावरून मगच पुढे जायचं असतं.

आठ वाजता आत घेतलं. आईला सोबत थांबू दिलं. पहिल्या वेळी टोक अर्ध्या वाटेपर्यंत सरकलं आणि थांबलं. पाणी सोडून दिलं, थोडी विश्रांती. दुसऱ्या वेळी अगदी शेवटच्या वळणापर्यंत. जुन्या पद्धतीत तीनचा नियम सांगतात: तीन फूट उंची, तीन मिनिटं, तीन प्रयत्न. आता तो इतका काटेकोर पाळत नाहीत. बाळ ठणठणीत असेल तर अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा बघतात. आमचं काम तिसऱ्या वेळी झालं. सून सांगते, पडद्यावर काय दिसलं ते तिला कळलं नाही, पण ती रेसिडेंट मुलगी एकदम "गया!" म्हणाली. दहा मिनिटांत बाळ गाढ झोपलं. चौदा तासांनी पहिल्यांदा.

एक दिवस ठेवून घेतलं. कारण दहातल्या एखाद्या मुलाला पुन्हा होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्या दोन दिवसांतच. पुन्हा झालं तरी पुन्हा पाण्यानेच सोडवता येतं.

आता लसीबद्दल, कारण हा प्रश्न सुनेने लगेच विचारला होता. कोणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं, की हे रोटाव्हायरसच्या थेंबांमुळे झालं. शंका हवेतून आलेली नाही. अमेरिकेत १९९८ साली आलेली पहिली रोटा लस १९९९ मध्ये मागे घेतली, ती याच कारणाने. साधारण दहा हजार बाळांमागे एकाला आतडं अडकत होतं. म्हणून पुढच्या प्रत्येक रोटा लसीकडे संशयाने बघितलं गेलं, आणि ते योग्यच होतं. आपली रोटाव्हॅक लस तर दिल्लीचीच लेक. तिचा मूळ विषाणू, ११६ई, एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान यांच्या गटाला नवजात बाळांत सापडला, १९८०च्या दशकात. चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथे ६,७९९ बाळांवर झाली, निष्कर्ष २०१४ मध्ये आले. २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. त्यानंतर एप्रिल २०१६ ते जून २०१९ या काळात देशातल्या २७ रुग्णालयांनी आतडं अडकलेल्या बाळांची नोंद ठेवली आणि लसीच्या तारखांशी ताडून बघितली. कोणत्याही डोसनंतरच्या २१ दिवसांत धोका वाढलेला आढळला नाही. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. शिवाय आपल्याकडे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना देतात. आपल्या बाळाचा शेवटचा डोस होऊन साडेचार महिने उलटले होते. ज्या बाळाला एकदा आतडं अडकलं आहे त्याला मात्र पुढे रोटाचे डोस देत नाहीत, एवढं लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगायचं.

घरगुती उपायांबद्दल मी बहिणीला काही बोललो नाही, पण तुम्हाला सांगतो. बेंबीवर हिंग लावल्याने बिघडत नाही. बिघडतं ते एरंडेल पाजल्याने, पोट जोरात चोळल्याने आणि घुटी, साखरपाणी, दूध तोंडात घालत राहिल्याने. वाट बंद असताना वरून माल टाकायचा नाही. हिरवी उलटी झाली किंवा थांबून थांबून कळा येताहेत आणि बाळ मधेच मलूल पडतंय, तर तोंडाने काही न देता निघायचं. आणि निघताना विचारायचं एवढंच, की जिथे चाललोय तिथे रात्री सोनोग्राफी आणि लहान मुलांचे सर्जन आहेत का. पहाडगंजवाल्यांना पंचकुइयां रोड ओलांडला की लेडी हार्डिंगला लागून कलावती सरन रुग्णालय आहे, १९५६ पासून खास मुलांसाठी. नागपूर, बेळगाव, इंदूर, बडोदा, जिथे असाल तिथलं असं ठिकाण आजच माहीत करून ठेवा, रात्री दोनला शोधायला बसू नका.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी बाळ पुन्हा कळवळून रडलं. यावेळी कोणी मला फोन करून विचारलंसुद्धा नाही. सात मिनिटांत सगळे रिक्षात. सोनोग्राफी झाली, आतडं मोकळं होतं. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं, तर खाली पहिला दात येत होता. बहिणीने त्याचीही वेळ कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे.